डॉक्टर सोडून सगळे डावरे

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला भल्या माणसांचे सिनेमे बघवत नाहीत. सासू समजूतदार, सून समजूतदार, शेवटी सगळे मिळून फोटो काढतात, असलं काही लागलं की मी रिमोट शोधायला लागते. मला लागतात ते अमेरिकेतले जुने काळे-पांढरे गुन्ह्याचे सिनेमे, ऐंशी वर्षांपूर्वीचे. पुरुष घरातसुद्धा हॅट घालून बसलेला, खिडकीच्या पट्ट्यांची सावली त्याच्या तोंडावर पडलेली, आणि दारातून एक बाई आत येते. ती आली की समजायचं, ह्याचं वाटोळं झालं. गंमत म्हणजे त्यालाही ते समजलेलं असतं! तरी उठून तिला खुर्ची देतो. अगं बाई, काय मजा येते म्हणून सांगू! मी पलंगावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवते. "मर मेल्या, मर," असं मोठ्याने म्हणते, आणि तो खरोखरच मरतो.

त्यांना फिल्म न्वार म्हणतात हे मला नंतर कळलं. फ्रेंच शब्द आहे म्हणे, न्वार म्हणजे काळा. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे सरळ "काळे सिनेमे" म्हणतात.

मी शीला राणे. डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहते. बत्तीस वर्षं एका हॉस्पिटलात एक्स-रे काढले. "श्वास रोखा, हलू नका, सोडा," हे वाक्य मी आयुष्यात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. रिटायर झाले आणि तिसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये घसरून घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. सुदेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हातात मोबाइल दिला आणि म्हणाला, "बघ काहीतरी, पण माझ्यावर ओरडू नकोस." त्या मोबाइलवर काय बोट पडलं कोण जाणे, पहिला काळा सिनेमा लागला. दीड तास मी श्वास रोखून होते. सोडा म्हणायला कुणी नव्हतं.

प्लास्टर निघालं तोवर माझे एकोणीस सिनेमे बघून झाले होते आणि मला एकटीने बघणं अशक्य झालं होतं. अशी मजा एकटीने खाणं म्हणजे पाप आहे. मग आम्ही छोटा प्रोजेक्टर आणला, दोन डबल बेडच्या पांढऱ्या चादरी जोडून शिवल्या, आणि दसऱ्यापासून दर रविवारी संध्याकाळी साडेसातला अंगणात खेळ सुरू केला.

अंगण आमचं नाही. अंगण धाकूशेठ म्हात्र्यांचं. बिल्डिंगही त्यांच्याच जागेवर उभी आहे आणि तिचं नाव "आवडाबाई निवास". आवडाबाई म्हणजे त्यांची बायको. जिवंत बायकोच्या नावाने बिल्डिंग बांधणारा दुसरा माणूस मी तरी बघितला नाही. त्यांच्या वडलांची शेती होती, खाडीकडे मिठागरावर काम होतं, आणि आता सगळीकडे इमारती आहेत. पण धाकूशेठ स्वतः इमारतीत राहायला गेले नाहीत. अंगणाच्या एका बाजूला आमची बिल्डिंग, समोरच्या बाजूला त्यांचं जुनं बैठं घर, त्याला मोठा ओटा. त्या ओट्यावर ते रोज सहा ते नऊ बसतात.

आम्ही चादर बांधली ती अंगणाच्या मधोमध, शेवग्यापासून विजेच्या खांबापर्यंत. आमच्या खुर्च्या बिल्डिंगच्या बाजूला, प्रोजेक्टरही इकडेच. म्हणजे धाकूशेठचा ओटा आला पडद्यामागे. पहिल्याच रविवारी मी त्यांना म्हटलं, "धाकूशेठ, पुढे या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवते." तर ते त्यांच्या आगरी बोलीत, ड चा र आणि ळ चा ल करत म्हणाले, "माज्या जागंत मी पावना म्हनून बसू कं?" झालं. नाही आले. चादर पातळ होती, मागूनही चित्र दिसायचं. आवडाकाकी मात्र पहिल्या रांगेत, मांडीवर पावट्याच्या शेंगांची परात घेऊन. सोलणं कमी आणि "आगो बाय, त्या रांडंचं तोंड बग" हे जास्त.

इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही. म्हणून मी कराओकेचा माइक घेऊन बाजूला उभी राहते आणि मराठीत सांगते. भाषांतर नव्हे, सांगणं. "ही म्हणतेय, माझा नवरा फार दुष्ट आहे. खोटं बोलतेय. हा म्हणतोय, मी तुला मदत करीन. गाढव आहे. आता ती रडतेय. डोळ्यात पाणी आहे का बघा. नाही ना? मग!" लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या माइकची चटक लागली. आयुष्यभर लोकांना हलू नका सांगितलं, आता माझ्या एका वाक्यावर चाळीस माणसं हलत होती.

आणि पडद्यामागून धाकूशेठचे शेरे. "हे गोरे सगले डाव्या हातानं जेवतान. शी!" मी माइकवरून म्हणायचे, "काटा डावीकडे धरतात त्यांच्यात!" "गाऱ्या बाकी आपल्यासारक्याच चालतान." "बरं, चालू देत गाड्या." "शीला, यो पोलीस येरा हाय. खुनी समोर बसलंय, त्याला दिसत नाय." सिनेमा कितीही रंगलेला असो, चादरीमागून ते ठसक्यात काहीतरी बोलणार आणि आमच्याकडे हशा पिकणार. मला राग यायचा. माझ्या हशात दुसऱ्याने वाटा मागितलेला मला खपत नाही.

होळी झाली आणि मितेशने घोळ घातला.

मितेश म्हणजे धाकूशेठचा नातू. सव्वीस वर्षांचा, जिमवाला, बुलेटवाला, पण उलट उत्तर न देणारा. वाईट पोरगा नाही, म्हणून तर राग काढायला अवघड. त्याच्या डोक्यात टर्फ शिरला. हिरवं प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी नेट, वर दिवे, आणि आत बॉक्स क्रिकेट. "काकी, कोलशेतला बघा, कल्याणला बघा, सगळीकडे टर्फ झालेत. आपली जागा अशीच पडलीय. आणि खेळायला लोक येतात कधी? रविवारी."

"म्हणजे आम्ही कुठे जायचं?"

"घरी टीव्ही आहे ना, काकी."

माझं डोकं असं सणकलं की मी तशीच तरातरा ओट्यावर गेले. धाकूशेठ पान लावत बसले होते. मी म्हटलं, "शेठ, हे काय ऐकतेय मी? दर रविवारी चाळीस माणसं एकत्र बसतात, हसतात. आणि तुम्ही त्यावर गवत घालणार? तेही प्लास्टिकचं?"

ते शांतपणे म्हणाले, "तुजे सिनेमे बगून मना कटाला आयलाय. खुनी कोन ते मना अर्ध्या तासात समजतंय. बाकीचा एक तास निस्ता काला अंधार."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, "समजतंय? ओळखून दाखवा मग! येत्या रविवारी, सगळ्यांसमोर."

"आनि वलखला तर?"

"तर सोमवारी नेट बांधा. मी एक शब्द बोलणार नाही."

"नाय वलखला तर मी जिता हाय तवर रविवार तुमचा. मितेश, आयकलास? शब्द म्हंजे शब्द."

घरी येऊन सुदेशला सगळं सांगितलं. सुदेश म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगणावर पैज लावणारी तूच." पण मी हटणाऱ्यातली नव्हे. असा सिनेमा निवडला की भल्याभल्यांची भंबेरी उडावी. नाव सांगत नाही, उद्या तुम्ही बघायला घ्याल आणि माझ्यामुळे तुमची मजा जाईल.

गोष्ट साधी आहे. एक श्रीमंत म्हातारा आपल्या टेबलापाशी मेलेला सापडतो. कुणीतरी डोक्यात जड दगड घातलाय. घरात त्याची तरुण बायको, त्याचा वकील, त्याचा ड्रायव्हर आणि त्याचा डॉक्टर. पोलीस सांगतात की घाव घालणारा डावरा होता. खुनी निघतो डॉक्टर. पण दिग्दर्शक इतका पाजी, की डॉक्टरचे हात दाखवतच नाही. कधी खिशात, कधी पाठीमागे. फक्त एकदा तो डाव्या हाताने ग्लासात दारू ओततो, आणि तेव्हाच त्याची सावली भिंतीवर इतकी मोठी पडते की सगळे सावलीकडे बघतात. मला स्वतःला तो हात तिसऱ्या वेळी बघताना दिसला. डाव्या-उजव्याचं बत्तीस वर्षांचं शिक्षण असून!

रविवारी अंगण भरलं. आमचे नेहमीचे चाळीस आणि मितेशचे क्रिकेटवाले मित्र वीसेक. मितेशने मला वाकून नमस्कार केला. "काकी, हरलात तरी पहिली ओव्हर तुम्ही टाकायची." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांची विकेट काढून मगच टाकते."

सिनेमा सुरू झाला. मी माइकवर होते, आणि त्या दिवशी मी अशी रंगले की काय सांगू. म्हातारा मेला. तरुण बायको किंचाळली. "किंचाळतेय, पण केस जागच्या जागी आहेत, नीट बघा." पोलीस आले. "पोलीस म्हणतायत, घाव घालणारा माणूस डावरा होता." एवढं सांगून मी वाट बघितली. पडद्यामागून नेहमीसारखा शेरा आला नाही. दारू ओतायचा प्रसंग आला, भिंतीवर सावली पडली, साठ तोंडं सावलीकडे बघत राहिली, आणि प्रसंग गेला. आवडाकाकींच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

शेवटी खुनाचा तपास करणारा गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत जमवतो. ठरल्याप्रमाणे सुदेशने तिथे सिनेमा थांबवला. मी म्हटलं, "धाकूशेठ, बोला."

चादरीमागून त्यांचा आवाज आला. घाई नव्हती त्यात.

"मिठागरावर मी बारा वर्सं मानसं उभी केली हान. डावऱ्याला रांगंच्या टोकाला उभा करायचा, नायतर त्याचा फावरा बाजूवाल्याच्या फावऱ्यात अरकतंय. म्हनून मना मानसाचा हात आदी दिसतंय, तोंड मंग. पोलीस बोलला, खुनी डावरा. या सिनेमात डाक्टर सोरून सगले डावरे हान. बायको डावरी, वकील डावरा, डायवर डावरा. यो डाक्टर एकटाच उजवा, त्यानं दारू वतली तवा बगला मी. म्हंजे डाक्टर नाय. त्याला सोरा. वकिलाची नियत खराब हाय. वकील खुनी."

आणि अंगण फुटलं. सगळे डावरे! क्रिकेटवाली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "शेठ, नाचता येईना अंगण वाकडं!" आणि दुसरा म्हणाला, "अंगण पण त्यांचंच!" मितेशसुद्धा डोकं धरून हसत होता.

मी हसले नाही. माझ्या हातात माइक होता आणि मी चादरीकडे बघत होते.

बत्तीस वर्षं मी प्रत्येक एक्स-रेच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर लावलं. डाव्याला एल, उजव्याला आर. का? फिल्म उलटी धरली की डावा हात उजवा होतो म्हणून. पडद्यामागून चित्र उलटं दिसतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि म्हणूनच धाकूशेठना ते कुणी कधी सांगितलं नाही. खालची इंग्रजी अक्षरं उलटी दिसत असणार, पण त्यांना सुलटी तरी कुठे वाचता येत होती? पाच महिने त्या माणसाला वाटत होतं की अमेरिका म्हणजे डावऱ्यांचा देश आहे. डाव्या हाताने जेवतात. आणि गाड्या आपल्यासारख्याच चालतात! अरे देवा, चालणारच, उलट्या बघितल्यावर!

आणि त्याहून मोठी गोष्ट. साठ माणसांत एकालाही डॉक्टरचा हात दिसला नव्हता. मला तिसऱ्या वेळी दिसला होता. ह्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने पहिल्याच वेळी, चादरीच्या मागून, भल्यामोठ्या सावलीला न फसता पकडला होता. तो जिंकला होता. फक्त मी एक वाक्य बोलायचं बाकी होतं.

मी माइकचं बटण दाबलं. बंद केला. आणि सुदेशला म्हटलं, "लाव पुढे."

आता खरं सांगते. मला लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटली! आयुष्यभर सरळ मार्गाने चाललेली बाई मी. पाच महिने पडद्यावरच्या त्या लबाड बायकांना शिव्या घालत टाळ्या वाजवत होते, आणि आज मीच सगळ्यांसमोर उभी राहून एका माणसाला फसवत होते, आणि कुणाला पत्ता नव्हता. डोक्यावर तिरकी हॅट तेवढी नव्हती.

डॉक्टर पकडला गेला. बिल्डिंगवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. धाकूशेठ ओट्यावरून उठून चादरीच्या कडेशी आले. मितेश हसत हसत म्हणाला, "आजा, डावा-उजवा पण कळंना का आता तुला?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. रविवार तुमचा." आणि आत गेले. तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते.

घरी मी शिरा केला. सुदेश चादर घडी करत बसला होता. त्याने चादर उजेडात धरली, पुढून बघितली, मागून बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. शिरा गोड झालाय."

सकाळी अकराला आवडाकाकी दारात. पायात चप्पल नव्हती. आत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "रातीला जेवला नाय. सकालपासून निस्ता आपला हात बगत बसलाय. मना विचारतंय, आवडे, यो माजा उजवाच ना? चार वेला विचारला गो."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मितेशला बोलला, कागद कर. जमिनीचा सगला तूच बग, सही तूच कर, मना आता दिसत नाय, समजत नाय. तीनला वकील येतंय. त्यानं आजवर कोनाला सही दिली नाय. माज्या सासऱ्यालाबी नाय. पोरं हसली ना, त्याच्या काल्जात लागलंय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सिनेमा चांगला होता बाकी."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. एक आपटलं, दुसरं आपटलं. सुदेश दारात उभा राहिला. मी म्हटलं, "सांगितलं तर आजच नेट बांधतील! रविवार गेला, माइक गेला, सगळं गेलं! मी काय करू मग? समजूतदार सासवा बघू?" त्याने आपटलेली भांडी उचलून जागेवर मांडली. त्या माणसाची ही सवय फार वाईट आहे. मला रडू आलं. पडद्यावर माणूस फसतो तेव्हा तो हॅट घातलेला कुणी परका असतो. इथे आमच्या शेजारचा म्हातारा आपलाच हात उलटसुलट करून बघत होता, आणि तो माझ्यामुळे.

"प्रोजेक्टर घे," मी म्हटलं. "आणि चादर."

आम्ही पोचलो तेव्हा वकील ओट्यावर चहा पीत होता. कागद चटईवर, त्यावर पेन. धाकूशेठ भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "शेठ, सही करू नका. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही मागून बघता म्हणून तुम्हाला उलटं दिसतं."

त्यांनी मान हलवली. "बाय, माजी समजूत काडू नको. मी लान पोर नाय."

"समजूत? मी? उभ्या जन्मात कुणाची काढली नाही! दहा मिनिटं द्या. मग खुशाल सही करा."

मितेश म्हणाला, "काकी, वकीलसाहेबांना कल्याणला जायचंय."

"वकिलाला बसव!" मी ओरडले. वकील बसला.

भर दुपारी सिनेमा दिसायचा कसा? घराच्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की काळोख. आढ्याच्या कड्यांना चादर बांधली, सुदेशने प्रोजेक्टर मांडला, दारू ओतायचा प्रसंग काढला आणि चित्र थांबवलं. धाकूशेठ सवयीने पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"बाटली कुठल्या हातात?"

"उजव्या. आंधला हाय कं मी?"

"आता इकडे या." मी त्यांचा हात धरला, चादरीच्या कडेने फिरवून पुढे आणलं. "आता?"

ते बघत राहिले. जवळ गेले. चादरीला बोट लावलं.

"डाव्या," ते म्हणाले.

हात सोडवून घेऊन ते मागे गेले. मागून आवाज आला, "उजव्या!" पुन्हा पुढे आले. "डाव्या!" पुन्हा मागे. पंचाहत्तर वर्षांचा माणूस त्या काळोखात चादरीभोवती लंगडी घातल्यासारखा फेऱ्या मारत होता. पाचव्या फेरीला त्यांनी आवडाकाकींना ओढलं, सहाव्या फेरीला मितेशला. सातव्या फेरीला वकील स्वतःहून गेला. मग धाकूशेठ तांदळाच्या गोणीवर बसले आणि असे हसायला लागले की ठसका लागला. काकी त्यांची पाठ थोपटत होत्या आणि स्वतः रडत होत्या.

"म्हंजे गोरे डावरे नाय?"

"नाही हो!"

"आनि माजे डोले?"

"माझ्यापेक्षा चांगले. मला तो हात तिसऱ्या वेळी दिसला. काल साठ जणांना दिसलाच नाही." आता थांबून चालणार नव्हतं. "शेठ, आणखी एक. मला कालच कळलं होतं. सगळे हसत होते तेव्हाच. माइक माझ्या हातात होता. मी तो बंद केला. रविवार पाहिजे होता म्हणून."

हसणं थांबलं. मितेश माझ्याकडे बघत होता, त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

धाकूशेठ म्हणाले, "म्हंजे मी जिकलो."

"जिंकलात."

"अंगन माजा."

"तुमचं." इतका वेळ मी स्वतःला सांगत होते की रडायचं नाही, पण आलंच.

मितेश हळूच म्हणाला, "आजा, मग नेटवाल्याला फोन लावू? तो तयारच आहे."

"थांब." धाकूशेठ उठले, ओट्यावर गेले, चटईवरचे कागद उचलून आत आणले आणि वकिलाच्या हातात दिले. "ह्ये घरी न्या, वकीलसाहेब. मना अजून दिसतंय." दार स्वतः लावून घेतलं. काळोखात त्यांचा आवाज एकदम कडक झाला.

"शीला, दसऱ्यापासून किती सिनेमे झाले?"

"तेवीस."

"तेवीसच्या तेवीस मी उलटे बगितले?"

"हो."

"आनि कोन बोलला नाय मना." गोणीचा करकर आवाज झाला, ते पुन्हा बसले होते. "मितेश, नेटवाल्याला सांग, आता नाय. तेवीस रविवार मना येल नाय."

मितेशने बोटांवर महिने मोजले. "आजा, तेवीस रविवार म्हणजे गणपती उजाडतील! मध्ये पावसाळा आहे!"

"तारपत्री हाय आपल्याकरं." आणि मग सुदेशकडे वळून, जमिनीच्या मालकाने गड्याला सांगावं तसं म्हणाले, "पयला लाव. आत्ता."

"आज सोमवार आहे, शेठ," सुदेश म्हणाला.

"मंग? सोमवारी परदा दिसत नाय कं?"

सुदेशने पहिला सिनेमा लावला. माइक घरी राहिला होता, म्हणून मी नुसत्या तोंडाने, घसा ताणून सांगायला लागले. धाकूशेठ पडद्यापासून हातभर अंतरावर, पुढे झुकून, नटाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत होते, आणि वकिलाने कल्याणला फोन करून उद्या येतो म्हणून कळवलं होतं.